बैलाच्या खांद्याने आखलेला घाट

"घाट गाडीसाठी बांधलेलाच नाही. तो बैलासाठी बांधलाय. आपण नुसतं वरून डांबर ओतलं."

चिपळूणला आमच्या आळीत एक काका राहतात. एसटीत चालक होते, आता निवृत्त. चिपळूण-कराड ही त्यांची आवडती ड्युटी. कुंभार्ली घाटाबद्दल कोणी कुरकुर केली, वळणंच किती, सरळ का नाही काढला रस्ता, की काका हे वाक्य टाकायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. लहानपणी मला वाटायचं, हे त्यांचं नेहमीचं तिरकस बोलणं. पुढे भौतिकशास्त्राची थोडी ओळख झाली, कागदावर चार आकडे मांडून बघितले, आणि काका जवळजवळ शब्दशः बरोबर निघाले.

आधी शब्दाचा घोळ मिटवून टाकू. आपल्यासाठी डोंगर म्हणजे सह्याद्री, आणि तो चढायची वाट म्हणजे घाट. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियनांनी वाटेचं नाव उचललं आणि अख्ख्या पर्वताला चिकटवलं. त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकात तो 'पश्चिम घाट' झाला. जिन्याचं नाव इमारतीला द्यावं तसं. पण एका अर्थी त्यांचंही चुकलं नाही. समुद्राकडून आलेल्या माणसाला या डोंगरात रस एवढाच, की पलीकडे जायचं कुठून?

पलीकडे जाण्याच्या वाटा फार जुन्या आहेत. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातला माल त्या खिंडीतून जुन्नरला चढत होता. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. पण नाणेघाट, किंवा तळकोकणातल्या कितीतरी नाळा आणि निसण्या, आज चढून बघा. बऱ्याच ठिकाणी तो रस्ता नव्हेच, जिना आहे. महाबळेश्वरहून पारकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेचं नाव तर रडतोंडीचा घाट. ज्याने ठेवलं त्याने डोक्यावर ओझं घेऊन तो चढलेला असणार.

त्या काळी हे चालत होतं, कारण माल पाठीवर जायचा. लमाणांचे तांडे घाटावरून धान्य आणायचे, कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी न्यायचे. पाठीवर गोणी घेतलेला बैल पायऱ्या चढतो, खडकावर पाय रोवतो, अरुंद वाटेने एकामागे एक जातो. त्याला चढाचं फारसं भय नाही. पण तो नेणार किती? एका बैलाच्या पाठीवर साधारण क्विंटलभर. तेच दोन बैल चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपले तर टनभर माल ओढतात. म्हणजे चाक लावल्याबरोबर त्याच दोन जनावरांकडून पाचपट काम होतं. व्यापाऱ्याला आणि फौजेला एवढा हिशेब पुरे होता.

फक्त चाकाची एक अट असते. त्याला पायरी चालत नाही, आणि तीव्र चढ तर मुळीच नाही.

आता ते चार आकडे. टनभर वजनाची भरलेली गाडी, म्हणजे हजार किलो. सपाट खडीच्या रस्त्यावर लोखंडी धावेचं चाक फिरवायला वजनाच्या साधारण तिसाव्या भागाइतका जोर लागतो, म्हणजे तेहतीस किलोच्या आसपास. चढ आला की त्यात भर पडते, आणि तिचं गणित अगदी सोपं आहे. वीस मीटर चालल्यावर एक मीटर वर गेलात, म्हणजे चढ वीसास एक, तर वजनाचा विसावा भाग जास्त ओढायचा. पन्नास किलो. एकूण ऐंशी-त्र्याऐंशी.

आणि बैल किती ओढतो? काही मिनिटं जीव काढून बराच ओढेल, पण तासन् तास चालायचं असेल तर स्वतःच्या वजनाच्या साधारण एक दशांश. चारशे किलोचा एक, अशी जोडी धरली तर आठशे किलो, म्हणजे जोर ऐंशी किलो.

गाठ जुळली. वीसास एक हा आकडा कोण्या साहेबाच्या डोक्यातून आलेला नाही, तो जुवाखालच्या खांद्यातून आलाय. चढ दहास एक केला असता तर एकशेतीस किलोंचा जोर लागला असता, आणि गाडी पहिल्याच फर्लांगात उभी राहिली असती. बैलाला स्वतःचं वजनही वर न्यायचं असतं, ते मी वर धरलेलंच नाही. म्हणून तर घाटात गाडीत माल कमी भरायचा, नाहीतर पायथ्याला जादा जोडी जुंपायची.

आता हाच आकडा डोंगराला लावू. समजा पाचशे मीटर चढायचे आहेत. वीसास एक या चढाने त्याला दहा किलोमीटर रस्ता लागतो. पण सह्याद्रीचा कडा आडवा मोजला तर दोन-तीन किलोमीटरांत संपतो. मग उरलेले सात-आठ किलोमीटर ठेवायचे कुठे? घडी घालून. लांब नऊवारी छोट्या पेटीत ठेवायची तर दुसरा उपाय काय? वळणं म्हणजे त्या घड्या. सरळ रस्ता म्हणजे चौपट चढ, आणि चौपट चढ म्हणजे रिकामी गाडीसुद्धा वर जाणार नाही.

असे रस्ते आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आले. बोरघाटाची वाट १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा नेण्यापुरती नीट करून घेतली. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. मग बंदरांमागून एकेक घाट उघडत गेला. दक्षिणेत वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगावची छावणी जोडायला आधी रामघाट होता. बेळगावात आजही रामघाट रोड आहे. त्याचा चढ फार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा आंबोलीच्या, म्हणजे पारपोलीच्या घाटाने घेतली, आणि वाटेवरचं आंबोली गाव थंड हवेचं ठिकाण होऊन बसलं. रस्ता झाला म्हणून गाव नकाशावर आलं. उलटं नव्हे.

रेल्वेची गोष्ट आणखी कडक. लोखंडी रुळावर लोखंडी चाक अगदी थोड्या जोराने फिरतं, पण त्याच गुळगुळीतपणामुळे चढावर घसरतंही लवकर. बोरघाटात १८६३ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा सदतिसास एक हा चढ भयंकर समजला जात होता, आणि त्यासाठी पंचवीस बोगदे खणावे लागले. रस्त्याच्या मानाने तो चढ जेमतेम निम्मा.

बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. साहेबाला वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली आणि बदल्यात जीव गमावला, अशी दंतकथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती किती टिकते ते इतिहासकार बघतील. पण तिच्यात एक शहाणपण नक्की आहे. चढ एका मर्यादेपलीकडे गेला की सरळ वर जाण्यापेक्षा तिरकं जाणं शरीराला स्वस्त पडतं. हे माणसाला लागू आहे तसं गुरांनाही. त्यामुळे रोज चरायला जाणारी गुरं वर्षानुवर्षं तिरक्या वाटा पाडत राहतात. मोजणीच्या साहेबाच्या कितीतरी आधी डोंगराचा सौम्य चढ गुराख्याला पायाने ठाऊक असतो.

साहेबाकडे त्यासाठी एक अवजार होतं, घाट ट्रेसर. नावातच घाट. खांबाला टांगलेली एक पोकळ नळी, तिच्याखाली पट्टीवर सरकणारं वजन. वजन सरकवलं की नळी ठरावीक कोनात कलते, आणि पट्टीवर खुणा असतात, दहास एक, पंधरास एक, वीसास एक. एकदा वजन वीसच्या खुणेवर बसवलं की झालं. एक जण नळीला डोळा लावणार. दुसरा नळीच्याच उंचीची लक्ष्यपट्टी घेऊन समोर झाडीत शिरणार. 'वर... अजून वर... थोडा खाली...' पट्टीची खूण नळीच्या तारेवर आली की तिथे खुंटी ठोकायची, खांब उचलून त्या खुंटीवर न्यायचा, पुन्हा तेच. मागून कोयतेवाले रान तोडत मीटरभर रुंदीची वाट पाडणार. नकाशा नंतर. आधी डोंगरावर वीसास एक या चढाची एक रेघ ओढायची, आणि ती नेईल तिकडे जायचं.

हे कळलं की घाट वेगळा दिसायला लागतो. रेघ चढाला बांधलेली, त्यामुळे डोंगराच्या प्रत्येक सोंडेला ती बाहेरून वळसा घालते आणि प्रत्येक पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, आत शिरते. सोंडेवर डोंगर कापायचा, पऱ्यावर मोरी, म्हणजे खालून पाणी जाणारा छोटा पूल, बांधायची. घाटातली बहुतेक वळणं या दोनच जातींची. कड्याने पुढची वाटच अडवली की मग तिसरी जात येते. रेघ स्वतःवर उलटते, त्याच उतारावर पण एक मजला वर. हे हेअरपिन वळण.

हेअरपिन वळणात एक गंमत आहे. नीट बघा, तिथे चढ जवळजवळ सपाट झालेला असतो. आजच्या भारतीय मानकांप्रमाणे डोंगरी रस्त्यावर सर्वसाधारण चढ सहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे सोळा-सतरास एक चालतो, पण हेअरपिनवर तो चाळीसास एकच्या वर नसावा. कारण वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच आखूड असते. चढायची उंची मात्र दोघींची सारखी. तेवढीच उंची थोड्या अंतरात, म्हणून आतून चढ तीव्र. बैलगाडीत तर आणखी पंचाईत. आतला बैल जवळजवळ जागेवर फिरतो, सगळी ओढ बाहेरच्यावर. एका खांद्याने अख्खी गाडी वळवायची, तर चढ तरी माफ असायला हवा.

बैल गेला, बस आली, आणि वळण तेवढंच राहिलं. मानक म्हणतं की हेअरपिनच्या आतल्या कडेची त्रिज्या किमान चौदा मीटर हवी. एसटीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत पाच-सव्वापाच मीटर अंतर. पुढची चाकं चौदा मीटरच्या वर्तुळात फिरली तर मागची जवळजवळ एक मीटर आतून जातात. काकांचं यावरही वाक्य आहे. नव्या पोराला ते सांगायचे, "मागचं चाक तुझ्या मागून येत नाही, आतून येतं." म्हणून बस आधी दरीच्या अंगाला पार कडेपर्यंत जाते. खिडकीतल्या माणसाला वाटतं, चाक हवेत गेलं. मग ती एकदम आत वळते. चालकाची ती चूक नसते, तो मागच्या चाकासाठी जागा करत असतो. लांबलचक कंटेनरला हीच जागा कित्येक मीटर लागते आणि ती तिथे नसते. मग तो वळणात आडवा अडकतो आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागते. बैलाच्या मापाचा सदरा हत्तीला घातला की दुसरं काय होणार?

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियमही त्याच काळजीचा. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं हे चालत्या गाडीला ओढत ठेवण्यापेक्षा अवघड. हल्ली हा नियम पाळणारे बघायला मिळाले तर फोटो काढून ठेवावा.

उतरण्याचं गणित वेगळं, आणि जास्त धोक्याचं. सोळा टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली येतो तेव्हा वर चढताना डिझेलने भरलेली सगळी ऊर्जा परत करतो. ती कुठेतरी जायला हवी. सगळी ब्रेकवर टाकली तर तेवढ्या उष्णतेत अडीचशे लिटरहून जास्त पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. उन्हाळ्यात न्हाणीघरातला अख्खा बंब तापवायला किती लाकडं लागतात ते आठवा, आणि तेवढी आग चाकांच्या चार-सहा ब्रेक-ड्रममध्ये कोंडली आहे असं समजा. ब्रेकचं लायनिंग तापलं की त्याचं घर्षण कमी होतं, पाय दाबला तरी गाडी आवरत नाही. घाटाच्या तळाशी येणारा तो जळका वास याचाच. म्हणून जुनी माणसं सांगतात, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. इंजिनाला हवा दाबायला लावायची, उष्णता रेडिएटरमधून जाऊ द्यायची, ब्रेक वळणासाठी राखून ठेवायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्याला काका जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

आता डोंगराकडे येऊ, कारण घाटाचा खरा मालक तो.

कुंभार्ली, आंबा, वरंधा, कुठल्याही घाटात कापलेल्या भिंतीकडे बघत जा. आडवे थर दिसतात. हा ज्वालामुखीचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वर येऊन पसरलेला, एकावर एक. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि सह्याद्रीच्या भागात त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, ते जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. लांबून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळेच.

प्रत्येक पायरीचा स्वभाव वेगळा. घट्ट काळा बेसाल्ट थंड होताना आक्रसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. त्याच्यावर-खाली बुडबुड्यांची भोकं असलेला सच्छिद्र थर. आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी एक वीतभर ते हातभर जाडीचा तांबडा पट्टा. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात झिजलेल्या मातीचा आणि राखेचा, वरच्या लाव्ह्याने भाजून काढलेला. दिसायला सुंदर, पण सगळा चिकण.

पावसाचं पाणी उभ्या भेगांतून खाली जातं. तांबड्या पट्ट्यावर पोचलं की पुढे जाता येत नाही, म्हणून आडवं वाहतं आणि रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीतून बाहेर येतं. तो घाटातला झरा. पूर्वी ट्रकवाले रेडिएटर भरायला जिथे थांबायचे, अशा बऱ्याच जागा अशाच थरांवर आहेत. गार, गोड पाणी. पण तेच पाणी पट्ट्याची चिकणमाती पोखरत असतं. ती भिजते, सुकते, भुगा होते, गळून जाते. वरचा काळा दगड अधांतरी राहतो. एका पावसाळ्यात मागची उभी भेग सुटते, आणि खोलीएवढा धोंडा रस्त्यावर.

ही झाली दगडाची दरड. मातीची दरड वेगळी, आणि कोकणात तीच जास्त माणसं मारते. उतारावरची माती टिकते ती कणांच्या एकमेकांवरच्या दाबामुळे. कणांमधल्या फटी पाण्याने पूर्ण भरल्या की वरचं वजन पाणी पेलायला लागतं, कणांमधला दाब उतरतो, पकड जाते. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. चिखलणी करताना तो हेच मुद्दाम करतो. वाफ्यात पाणी कोंडतो आणि माती अशी करतो, की पाय ठेवला की सरकला. डोंगर आपोआप चिखलणीला आला की त्याला दरड म्हणतात. रस्ता कापताना आपण त्या उताराचा पायथाच काढून घेतलेला असतो, ते निराळंच.

किती पाणी? २२ जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एका हेक्टर उतारावर त्या दिवशी साठ लाख लिटरच्या आसपास पाणी पडलं. दहा हजार लिटरचे जवळजवळ सहाशे टँकर, एका हेक्टरवर, एका दिवसात. त्याच पावसात महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. आंबेनळी घाट जागोजागी तुटला. इकडे चिपळूण पाण्याखाली होतं. आमच्या घरातल्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे, रंग काढताना ती तेवढी ठेवली.

म्हणून घाटाची तब्येत बघायची तर डांबर बघू नका, पाण्याची सोय बघा. डोंगराकडचं गटार वाहतंय की दगडमातीने बुजलंय? मोरीचं तोंड उघडं आहे का? संरक्षक भिंतीला ठरावीक अंतरावर छोटी भोकं असतात, त्यांतून पाणी ठिबकतंय का? ही भोकं शोभेची नाहीत. भिंतीमागचं पाणी तिथून निघून गेलं नाही तर त्याचा दाब भिंतीलाच ढकलतो. जुन्या दगडी भिंतींना सांधे मोकळे असत, पाणी कुठूनही झिरपून जाई. काँक्रीटची भिंत मजबूत खरी, पण भोक बुजलं की तिच्यामागे तळं साचतं. एका घाटात मी पावसाळ्याच्या तोंडावर नवी रंगवलेली भिंत पाहिली. रंगाऱ्याने इमानदारीने भोकांतही रंग आणि लांबी भरली होती.

पूर्वी दर काही मैलांवर रस्त्याचे गँगमन असायचे. कुदळ, फावडं, घमेलं, आणि पावसात इरलं. पऱ्याला पाणी आलं की आधी मोरी मोकळी करायची, हे कळायला त्यांना वरून आदेश लागायचा नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत याला जलनिस्सारण व्यवस्थापन म्हणतील. होतं ते एक माणूस आणि एक फावडं.

मधेच एक सांगायचं राहिलं, ते पोटाचं. घाटात गाडी लागते ती का? कानाच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की आतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळणाची बातमी पोचते. डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले, ती तर हललेली नाही. कान म्हणतो वळलो, डोळा म्हणतो स्थिर आहोत. या भांडणाचा निकाल पोट देतं. चालकाला गाडी लागत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला ते माहीत असतं. म्हणून लहान मुलाला पुढे बसवावं आणि रस्त्याकडे बघायला लावावं. आवळासुपारीही द्यावी, ती निदान त्याला गुंतवून ठेवते. आणि पाचशे मीटर चढल्यावर हवेचा दाब सहाएक टक्के उतरलेला असतो. कानात दडे बसतात आणि पिशवीतलं वेफर्सचं पाकीट तट्ट फुगतं. आमच्याकडे घाट संपल्याची खूण तीच होती. पाकीट फुगलं, हेळवाक आलं.

कुंभार्लीच्या पायथ्याशी पोफळी आहे. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला, कृष्णेला मिळायला निघालेलं. ते धरणात अडवून डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पाडून पोफळीच्या भूमिगत वीजघरात टर्बाइन फिरवायला लावलं. तिथून ते वाशिष्ठीत जातं. घाट जेवढी उंची घड्या घालत चढतो, जवळजवळ तेवढीच पाणी एका उडीत उतरतं. पाण्याला बैलाची अट नव्हती.

आता गाड्यांनाही नाही. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी घाट आज बोगद्याने पार करता येतो. सुमारे दोन किलोमीटरचे दोन जुळे बोगदे, त्यातला पहिला २०२३ च्या गणपतीच्या तोंडावर हलक्या वाहनांना खुला झाला. परशुराम घाटात मात्र डोंगर रुंद कापूनच चौपदरी रस्ता काढला, आणि कापलेल्या उताराने त्याची किंमत पुढच्या पावसाळ्यांत वसूल केली. माझं मत विचाराल तर कोकणात जिथे जमेल तिथे डोंगराच्या पोटातून जावं. त्याची कातडी सोलू नये. बोगदा महाग पडतो हे खरं. पण दर पावसाळ्यात माती उपसण्याचा खर्च कोणी पंचवीस वर्षांचा एकत्र मांडून दाखवत नाही.

मागच्या वर्षी काकांना घेऊन मुंबईहून चिपळूणला येत होतो. पुढच्या सीटवर बसले होते. पोलादपूर गेलं तसे सावरून बसले, काच खाली केली, उजवा पाय उगाच पुढे-मागे हलवायला लागले. बोगदा आला, दिवे गेले एकामागून एक, बोगदा संपला. खेडच्या बाजूचा उतार सुरू झाला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "घाट कधी लागणार?"

"झाला की, काका."

त्यांनी काच वर केली.